जुन्या-नव्याचा एकत्र संसार

घरांत आजोबांचें मोडी दप्तर असावें आणि तें वाचणारें कोणी नसावें, तशी गत संगणकावर जुळविलेल्या मराठी पुस्तकांची होऊं पाहते. अनेक पुस्तकें पेजमेकरमध्यें सिद्ध झालीं. १९९९ सालीं इनडिझाइन निघालें आणि पेजमेकर हळूहळू मागें पडलें. त्याच्या सहाव्या-सातव्या आवृत्तींतील फाइल २०१२ चें इनडिझाइन सीएस सिक्स उघडतें. २०१३ पासूनचें सीसी उघडत नाहीं. म्हणून चाणाक्ष मुद्रक इनडिझाइनच्या या दोन्ही आवृत्त्या एकाच संगणकावर नांदवितो. जुन्या आवृत्तींत फाइल उघडून जतन करावयाची, मग ती नव्या आवृत्तींत घ्यावयाची. मूळ प्रत मात्र अबाधित राखावी. नव्यांत जतन केलेली फाइल जुन्यांत थेट उघडत नाहीं. नव्याच्या हौसेनें हा मधला दुभाषी घालविला, तर पुस्तकें असून मुकीं होतात.