घर हवे आणि मैदानही

(कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

शहरातील उद्याने आणि मैदाने यांचा विषय निघाला की आपल्या कार्यकर्त्यांकडून एक प्रश्न हमखास येतो. ज्या मुंबईत लाखो माणसे झोपडपट्टीत राहतात, तेथे आधी घराचा विचार करायचा की हिरवळीचा? प्रश्न प्रामाणिक आहे. परंतु गरिबाचे घर आणि मोकळी जागा हे एकमेकांचे वैरी आहेत, असे त्यात गृहीत धरलेले असते. गिरणगावाचा इतिहास हे गृहीत खोटे ठरवतो.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. भोंगे थांबले, गिरण्यांखालच्या जमिनीला मात्र सोन्याचा भाव आला. या जमिनीचे काय करायचे, याचे उत्तर १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने दिले होते. पुनर्विकास करताना साधारणपणे एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश सार्वजनिक घरबांधणीसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला, अशी ती वाटणी होती. म्हणजे घर आणि मैदान एकाच नियमात शेजारी नांदत होते.

२००१ साली हा नियम बदलण्यात आला. वाटणी संपूर्ण जमिनीची न राहता, ज्या भागावर बांधकाम नव्हते तेवढ्याच भागाची उरली. शेड, गोदामे आणि चिमणी यांनी व्यापलेल्या आवारात असा भाग असणार तरी किती? मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये सार्वजनिक वाट्याच्या बाजूने निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो फिरवला. आज तेथे काचेचे मनोरे आणि मॉल उभे आहेत. घरासाठी मैदान गेले नाही आणि मैदानासाठी घरही गेले नाही. दोघांचाही वाटा एकाच लेखणीने आटवला.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता, कामगाराची खरी मिळकत केवळ पगाराच्या पाकिटात मोजता येत नाही. सार्वजनिक शाळा, दवाखाना, नळाचे पाणी आणि मैदान हे सारे तिचे भाग आहेत. मनोऱ्यातील कुटुंब वाहनतळाच्या छतावरची बाग घरासोबत विकत घेते. दहा बाय बाराच्या खोलीतील मुलाला ती सोय नाही. म्हणून मैदान नाहीसे होते, तेव्हा त्याच्या घरची मिळकतच कापली जाते.

जमिनीचा बाजारभावही अर्धेच सत्य सांगतो. घेणाऱ्याचा लाभ त्यात येतो. शेजाऱ्याचे नुकसान येत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदीकाठच्या वस्त्या बुडाल्या. मोकळी माती पाणी जिरवते, काँक्रीट ते दुसऱ्याच्या दारात लोटते. हा खर्च कोणत्याही बिल्डरच्या हिशेबवहीत सापडणार नाही.

केंद्र शासनाच्या २०१४ च्या नगररचना मार्गदर्शक तत्त्वांत दरडोई १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा अपेक्षित आहे. मुंबई त्याच्या जवळपासही नाही. असे असताना सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने धारावी प्रकल्पातील घरांसाठी सुमारे २५६ एकर मिठागरांच्या जमिनीला मंजुरी दिली. पुन्हा गरिबाचे घर आणि मोकळी जागा यांची झुंज लावून दिली गेली. धारावीच्या मोक्याच्या जमिनीवर विक्रीच्या इमारती आणि गरीब मात्र शहराच्या कडेला, पाणथळ जागेत, असे का, हा खरा प्रश्न बाजूलाच राहिला.

पूर्व किनाऱ्यावरील बंदराची जमीन अजून फार मोठ्या प्रमाणावर सार्वजनिक मालकीची आहे. गिरण्यांचा धडा तेथे उपयोगी पडला पाहिजे. वाटणी संपूर्ण क्षेत्रफळाची व्हावी. इमारतीच्या छतावरची खासगी बाग सार्वजनिक मोकळी जागा म्हणून मोजली जाऊ नये. मैदानाला तिकिटाचे फाटक नसावे. शाश्वत नगररचना हा शब्द आता सरकारी अहवालांतही रुळला आहे. परंतु जमिनीची मालकी आणि वाटणी यांना हात न लावता लावलेली झाडे केवळ शोभेची ठरतात.

तेव्हा मित्रहो, यापुढे आपल्या मागणीपत्रात घर आणि मैदान ही दोन कलमे वेगळी लिहू नका. ती एकाच कलमात लिहा. १९९१ चा नियमही तसाच लिहिलेला होता.