प्रतिजैविके आणि आकडी
(मोहोळ येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आरोग्याविषयी दोन शब्द बोलावेत अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा हा विषय मी मुद्दाम निवडला. आपल्यात एखाद्यास एकदा आकडी आली की, तिचे कारण शोधले जाण्यापूर्वीच ‘त्या घरात फेफरे आहे’ ही वार्ता सोयरिकीच्या बैठकीत पोहोचते. वस्तुतः प्रत्येक आकडी म्हणजे अपस्मार नव्हे. क्वचित तिचे मूळ उशाशी ठेवलेल्या औषधातच असते.

पिंपरीस १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला व पुढील वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. त्या औषधाचे आपल्यावरील उपकार मोजता येणार नाहीत. परंतु पेनिसिलिनचा मेंदूशी प्रत्यक्ष संबंध आल्यास आचके येतात, हे वॉकर व जॉन्सन या डॉक्टरांनी १९४५ सालीच दाखविले होते. पुढे तर प्रयोगशाळेत प्राण्यांना आकडी आणण्यासाठी संशोधक पेनिसिलिनच वापरू लागले!

हे घडते कसे? मेंदूतील पेशींना शांत ठेवणारे ‘गाबा’ नावाचे एक द्रव्य आहे. ते पेशीवरील ठराविक ग्राहीस्थानी बसले म्हणजे तेथील सूक्ष्म वाट उघडते, क्लोराइडचे कण आत शिरतात आणि पेशीचा क्षोभ शमतो. आपण शेतकरी मंडळी. रानात दारे धरणारा गडी डोळ्यांपुढे आणा. गडी म्हणजे गाबा. पेनिसिलिन त्या वाटेतच दगडासारखे अडकते, तर सिप्रोफ्लॉक्सासिनच्या जातीची औषधे गड्याला त्याच्या जागी उभेच राहू देत नाहीत. पाणी अडले की रान तापणारच.

नेहमीच्या मात्रेत निरोगी माणसास हे भय फारच थोडे. खरा धोका मूत्रपिंडे अशक्त झालेल्यांना. कारण यांतील बहुतेक औषधे लघवीवाटे बाहेर पडतात, आणि ती वाट मंदावली की त्यांचा साठा वाढत जातो. सेफेपिम या इंजेक्शनाबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ साली असाच इशारा दिला. त्यात एक फसवी गोष्ट आहे. हातपाय न झाडताही मेंदूत आकडी चालू राहते; रोगी केवळ गोंधळतो, असंबद्ध बोलतो, आणि घरचे म्हणतात, वय झाले! अशा वेळी मेंदूचा विद्युत्-आलेख काढल्यावाचून निदान होत नाही. वेळीच ओळखून औषध बदलले, तर बहुधा रोगी पूर्ववत होतो.

तेव्हा डॉक्टरांपुढे बसताच मूत्रपिंडाचा विकार, पूर्वीची आकडी आणि चालू असलेली प्रत्येक गोळी सांगावी. सोयरिकीपायी तेथे तरी काही लपवू नये. अपस्मारावर व्हॅल्प्रोएट घेणाऱ्यास मेरोपेनेम दिल्यास व्हॅल्प्रोएटचे रक्तातील प्रमाण झपाट्याने घसरते, हे मुद्दाम ध्यानी ठेवावे. आणि दुकानातून परभारे गोळ्या आणण्याची आपली खोड! २०१४ पासून यांतील अनेक औषधांच्या विक्रीची नोंद ठेवणे औषधविक्रेत्यास बंधनकारक आहे. त्याला भीड घालू नये.

क्षयावरील आयसोनियाझिडचा मार्ग थोडा निराळा. ते शरीरातील ब-६ जीवनसत्त्व निकामी करते, आणि त्यावाचून गाबाच तयार होत नाही. म्हणून त्या गोळ्यांसोबत डॉक्टर ब-६ ची लहानशी गोळी लिहून देतात. ‘ताकदीची दिसते’ म्हणून ती पुष्कळजण टाकून देतात. ती टाकू नये, आणि आकडीच्या भयाने क्षयाचे औषधही मध्येच सोडू नये.