म्हणणारा कोण?



कामगार चळवळीत हयात गेलेल्या माणसाने लॅटिन व्याकरणावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. ही भाषा मी पुस्तके समोर ठेवून शिकलो. पण ‘कामगार निघून गेला’ आणि ‘कामगार निघून गेला असे मुकादम म्हणतो’ या दोन वाक्यांतील अंतरावर कुणाची तरी भाकरी अवलंबून असते. लॅटिनने हे अंतर व्याकरणातच बांधून ठेवले आहे.

‘सेर्वुस फूगित’ म्हणजे गुलाम पळाला. ‘दिको’, म्हणजे ‘मी म्हणतो’, हे क्रियापद जोडले की कर्ता द्वितीयेत जातो आणि आतले क्रियापद पुरुष व वचन टाकून देते: ‘दिको सेर्वुम फूगिस्से’. ‘दिको’च्या जागी ‘पुतो’ (मला वाटते), ‘आउदिओ’ (मी ऐकतो) किंवा ‘स्किओ’ (मला ठाऊक आहे) घाला. पुढचे दोन्ही शब्द तसेच राहतात. म्हणजे ऐकीव कोणते आणि खात्रीचे कोणते, हे सांगण्याचा सारा भार त्या एका क्रियापदावर!

‘तो आला असे तो म्हणतो’ या वाक्यात आला कोण? लॅटिनमध्ये ‘से’ असेल तर बोलणारा स्वतः, ‘एउम’ असेल तर दुसरा कोणी. येथे पळवाट नाही.

एक फट मात्र राहते. कर्ता द्वितीयेत आणि कर्मही द्वितीयेत, मग जिंकणार कोण? पिऱ्हस राजाला मिळालेली म्हणून सांगतात ती देववाणी अशीच होती: तो रोमनांना जिंकेल, की रोमन त्याला? सिसेरोने तिची थट्टा केली. अपोलो लॅटिनमध्ये कधी बोललाच नाही, असे तो म्हणतो.

सीझरने ही रचना मोठ्या कौशल्याने वापरली. इ. स. पूर्व 58 मध्ये जर्मन राजा आरिओव्हिस्टस याने त्याला सडेतोड उत्तरे दिली. ती सीझरच्या ग्रंथात आहेत, पण याच अप्रत्यक्ष रूपात. शब्द शत्रूचे, लेखणी सीझरची! आरिओव्हिस्टसने स्वतः लिहिलेला कागद आपल्या हाती नाही.

म्हणून माझे सांगणे एवढेच: अहवाल असो की वर्तमानपत्र, वाक्यातील घटनेआधी तिला धरून ठेवणारे क्रियापद शोधा. ‘पाहिले’, ‘ऐकले’ की ‘वाटले’? आणि कोणाला? हे विचारल्यावाचून कोणत्याही कागदावर सही करू नका.