गोणीवरचं नाव

दोस्तांनो, मी डॉक्टर नाही. मॅट्रिक झालो आन् गोदीत लागलो. पण गोणी कुणाच्या पाठीवर असते आणि तिच्यावर शिक्का कुणाचा असतो, एवढं मला कळतं. म्हणून आज इबोलावर बोलतो.

१९७६ साल. झाईर, म्हणजे आजचा काँगो. यांबुकूत माणसं तापानं पटापट मरत होती. तिथं गेला एक काळा डॉक्टर, झाँ-जाक मुयेंबे. हातात मोजे नाहीत. सुई काढली तरी रोग्यांचं रक्त थांबेना. हात माखले, साबणपाण्यानं धुतले, बस्स! एका आजारी बेल्जियन ननला त्यानं किन्शासाला नेलं. तिचं रक्त बेल्जियमला गेलं. विषाणू सापडला. आणि वर्षानुवर्षं नावं गाजली ती गोऱ्यांची!

१९९५. किक्वितमध्ये पुन्हा तीच साथ. मुयेंबेनं बचावलेल्यांचं रक्त आठ रोग्यांना दिलं. सात जगले. बाहेरचे शास्त्रज्ञ म्हणाले, हा पुरावा नव्हे. तुलनेला दुसरा गट नव्हता, हे खरं. पण त्याच किक्वितच्या एका बचावलेल्या माणसाच्या रक्तातून पुढं औषध निघालं. २०१८-१९ला काँगोतच त्याची चाचणी झाली, मुयेंबे आघाडीवर होता. २०२०ला अमेरिकेनं औषधाला परवाना दिला.

शास्त्र नको, असं मी म्हणत नाही. शास्त्रानंच माणसं वाचली. पण २०१९ साली मुयेंबेनं ठरवलं : काँगोतल्या इबोला रोग्यांचं रक्त काँगोतच तपासायचं, काँगोतच ठेवायचं.

ह्याला मी लढा म्हणतो. ज्याचं रक्त, त्यानं हिशेब मागायचा. आपणबी मागू!