प्राध्यापकांची आस्था आणि विद्यार्थ्याची वाट

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



महाविद्यालयात आलेला विद्यार्थी आता मोठा झाला, त्याने आपले आपण पाहावे, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. शाळेतील गुरुजींनी मायेने विचारपूस करावी; प्राध्यापकांनी मात्र तास घ्यावा आणि निघून जावे, असे जणू ठरूनच गेले आहे. वास्तविक शिक्षण अर्ध्यावर तुटण्याचे भय याच वयात मोठे असते. घरची ओढाताण, अनोळखी शहर, इंग्रजीची धास्ती आणि नापास होण्याची लाज यांच्याशी तो कोवळा जीव एकट्यानेच झुंजत असतो. अशा वेळी शिक्षकाची आस्था नेमके काय करू शकते, हे पाहण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेकडे वळावे. त्यांच्या बुद्धिमत्तेविषयी आणि अठरा-अठरा तासांच्या अभ्यासाविषयी पुष्कळ बोलले जाते. त्यांच्या शिक्षकांविषयी त्या मानाने थोडे.

मुंबईत चर्नी रोडच्या बागेत पुस्तकात डोके खुपसून बसलेला एक शाळकरी मुलगा कृष्णराव अर्जुन केळुसकर यांच्या दृष्टीस पडला. केळुसकर गुरुजी काही त्याच्या वर्गाचे शिक्षक नव्हते. तरीही त्यांनी आपण होऊन चौकशी केली, वाचावयास पुस्तके दिली. आणि १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा अभिनंदनाच्या सभेत स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र त्यांना भेट दिले.

तथापि कसोटीचा प्रसंग पुढेच होता. एल्फिन्स्टन महाविद्यालयात इंटरपर्यंत पोचेतो वडील सुभेदार रामजी यांची आर्थिक शक्ती संपत आली. शिक्षण तेथेच थांबावयाचे. पण केळुसकर गुरुजींनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. याच महाविद्यालयातील उपाहारगृहाचा चालक या विद्यार्थ्याला चहा-पाणी देत नसे, आणि याच महाविद्यालयातील प्राध्यापक म्युलर त्याला पुस्तके देत, कपडेही देत. एकाच इमारतीतील ही दोन माणसे! १९१२ मध्ये भीमराव बी.ए. झाले. पदवीच्या कागदावर म्युलर यांच्या त्या कपड्यांची नोंद अर्थातच नाही.

१९१३ मध्ये बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे जॉन डीवी यांच्यासारखे तत्त्वज्ञ आणि एडविन सेलिग्मन यांच्यासारखे अर्थशास्त्रज्ञ त्यांना लाभले. संशोधनाची पद्धत कोणती धरावी, असे भीमरावांनी विचारले असता, मन लावून काम करीत राहा, पद्धत तुमची तुम्हालाच सापडेल, अशा आशयाचे उत्तर सेलिग्मन यांनी दिले. वरवर पाहता हे टाळल्यासारखे वाटेल. परंतु शिष्यावर एवढा विश्वास टाकणे हेही आस्थेचेच रूप आहे. १९१६ मध्ये भीमराव लंडनला निघाले तेव्हा तेथील प्राध्यापकांच्या नावे सेलिग्मन यांचे शिफारसपत्र होते.

लंडनमध्ये वर्षही पुरते झाले नाही तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. महायुद्ध चालू होते; पुस्तके व सामान घेऊन येणारे जहाज पाणतीराने बुडाले. लंडनची वाट मात्र बंद झाली नव्हती. प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या साहाय्याने चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांना मिळालेली होती. सिडनेहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकीच्या पगारातून साठविलेली रक्कम, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज यांच्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले.

कॅनन यांची पुढची वागणूक तर विशेष मनन करण्याजोगी आहे. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध परीक्षकांनी मार्च १९२३ मध्ये फेरलेखनासाठी परत केला. भीमरावांनी निष्कर्ष तेच ठेवून तो पुन्हा लिहिला आणि त्याच वर्षी डी.एस्सी. मिळविली. ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा प्रस्तावना कॅनन यांची होती, आणि आपण लेखकाच्या पुष्कळ मतांशी सहमत नाही, हे त्यांनी त्या प्रस्तावनेतच नमूद केले. विचारांतील ताजेपणाला मात्र मनापासून दाद दिली. आपले म्हणणे न मानणाऱ्या विद्यार्थ्याच्या ग्रंथास आपले नाव देणे सोपे नसते. गोड बोलणारे शिक्षक पुष्कळ भेटतात, असे भेटत नाहीत.

असामान्य विद्यार्थ्याचे ठीक आहे, सामान्यांचे काय, असा प्रश्न येईल. २०१४ मध्ये गॅलप संस्था आणि पर्ड्यू विद्यापीठ यांनी अमेरिकेतील ३०,००० हून अधिक पदवीधरांची पाहणी केली. ज्यांना शिकण्याची गोडी लावणारा प्राध्यापक, माणूस म्हणून काळजी घेणारे अध्यापक आणि पाठीशी उभा राहणारा मार्गदर्शक हे तिन्ही लाभले होते, ते आपल्या कामात मनापासून रमलेले असण्याची शक्यता इतरांच्या दुपटीहून अधिक आढळली. असे भाग्यवान मात्र केवळ १४ टक्के! प्राध्यापकांना आपली काळजी होती, असे ठामपणे सांगणारे २७ टक्के. अशा पाहणीवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे खरे. पण आकडा विचारात पाडतो. आपल्याकडे एका वर्गात शंभर-सव्वाशे मुले असतात, प्राध्यापकाने किती जणांकडे पाहावे, ही अडचण खोटी नाही. पण आठ दिवस न दिसलेल्या मुलाची चौकशी करावयास किंवा शिष्यवृत्तीच्या अर्जावर सही करताना दोन शब्द विचारावयास फार वेळ लागत नाही. बागेतल्या मुलाकडे केळुसकर गुरुजींनी पाहिले ते कोणत्याही वेळापत्रकात नव्हते.

जून १९५२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने बाबासाहेबांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. त्यासाठी प्रवासास निघताना डीवी यांची भेट होईल, ही उत्कंठा त्यांच्या मनात होती. ते न्यूयॉर्कला पोचण्यापूर्वीच, १ जून रोजी, डीवी निवर्तले. बाबासाहेब तेव्हा एकसष्ट वर्षांचे होते, भारताची राज्यघटना त्यांच्या हातून घडून गेली होती. न्यूयॉर्कहून पत्नीला लिहिलेल्या पत्रात त्यांनी भेट हुकल्याचे दुःख व्यक्त केले आणि आपले सारे बौद्धिक जीवन आपण त्या गुरूचे देणे लागतो, असे कळविले.