माळ्यावरचं इंजिन

एरवी या कार्यक्रमात आम्ही शेळीपालन, शिलाई, बँकेचे हप्ते यांविषयी बोलतो. आज बोलणार आहोत रेल्वेच्या इंजिनाविषयी. खऱ्या नव्हे, वीतभर लांबीच्या. हसू नका बरं का, आमच्या गटात सगळ्यांत मोठा वाद झाला तो या इंजिनावरूनच.

आमच्या गटातल्या एका काकूंचे यजमान पुण्याला घोरपडीच्या डिझेल शेडमध्ये फिटर होते. निवृत्त होऊन गावी आले ते एक ट्रंक घेऊन. तिच्यात रूळ, चार डबे आणि दोन इंजिनं. संध्याकाळी फळीवर रूळ मांडून ते गाडी चालवायचे. काका गेले आणि ट्रंक माळ्यावर गेली. सहा वर्षं तिला कुणी हात लावला नाही. यंदा घराची डागडुजी निघाली, तेव्हा पुतण्या म्हणाला, "काकू, भंगारात देऊन टाकू." काकू म्हणाल्या, "एकदा चालताना बघते, मग ठरवू."

पण जुन्या ट्रान्सफॉर्मरची वायर कडक होऊन तडकली होती. वायरमनने बघितलं आणि सांगितलं, हा अजिबात लावू नका. नवा घ्यायला 1,800 रुपये हवे होते. काकूंनी मासिक बैठकीत अंतर्गत कर्ज मागितलं.

"खेळण्यासाठी कर्ज?" एक वहिनी म्हणाल्या, "आणि माझं शेळीचं कर्ज थांबलंय ते?" त्यांचंही खरंच होतं. दोन्ही बाजूंनी आवाज चढले. मग काकू शांतपणे म्हणाल्या, "अकरा वर्षांत माझा एक हप्ता चुकला नाही. आजवर घेतलेलं कर्ज मुलाच्या फीसाठी, यांच्या दवाखान्यासाठी. माझ्यासाठी म्हणून हे पहिलंच मागतेय." बैठक गप्प झाली. शेवटी ठरलं, शेळीचं कर्ज आधी, काकूंचं पुढच्या महिन्यात. तसा ठराव लिहिला आणि सगळ्यांनी सह्या केल्या.

नवा ट्रान्सफॉर्मर आला. गाडी मांडली, बटण फिरवलं. इंजिन नुसतं गुरगुरलं, जागचं हललं नाही. अशा वेळी बटण लगेच बंद करायचं, नाहीतर मोटर तापून जळते. आम्ही बंद केलं, पण पुढे चूक केली. घरात होतं ते खोबरेल तेल चाकांवर सोडलं. थंडीचे दिवस. सकाळी तेल थिजलेलं, इंजिन पहिल्यापेक्षा घट्ट.

मग आमच्यातल्या शिलाई मशीन चालवणाऱ्या ताई पुढे झाल्या. म्हणाल्या, "शटलखाली भुसा साठला की मशीन अडतं. इथंही तेच असेल." आणि तेच निघालं. चाकांच्या आसाभोवती दोरे आणि केस गुंडाळलेले. चिमट्याने ते काढले. दातेरी चाकांवरचं जुनं ग्रीस मेणासारखं वाळलं होतं, तेही कापसाच्या काडीने पुसून काढलं.

ही गाडी चालते कशी, तेही समजून घेऊ. दोन्ही रुळांतून 12 व्होल्टपर्यंत डीसी वीज जाते. चाकं ती उचलतात आणि मोटरला देतात. वीज उलट दिली की गाडी मागे जाते. म्हणजे रूळ किंवा चाक काळं पडलं की वीज तुटते आणि गाडी अडखळते. रूळ पुसायला मेडिकलमध्ये मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती फडकं पुरतं. हे पटकन पेट घेतं, तेव्हा चुलीपासून लांब, खिडकी उघडी ठेवून आणि वीज बंद करूनच वापरायचं. पॉलिश पेपर लावू नका, ओरखड्यांत पुन्हा मळ बसतो. तेल सुईच्या टोकावर मावेल एवढंच, आसाच्या टोकांना. रुळाला आणि चाकाच्या कडेला मुळीच नाही, नाहीतर चाकं घसरतात. तेलही प्लास्टिकला चालणारं असावं, काही तेलांनी प्लास्टिकची चाकं खराब होतात.

साफसफाईनंतर डबे न जोडता, हळू वेगात, पंधरा मिनिटं पुढे आणि पंधरा मिनिटं मागे चालवायचं. गाडी जमिनीवर मांडायची नाही, फळीवरच मांडायची, म्हणजे केस-दोरे पुन्हा अडकत नाहीत. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवायची. आणि महिन्यातून एकदा तरी चालवायचंच. चालवून झिजतं त्यापेक्षा पडून बिघडतं.

काकूंचं इंजिन 1:87 या मापाचं, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं. 19 मीटरचं इंजिन या मापात साधारण 22 सेंटिमीटर होतं. रुळांमधलं अंतर 16.5 मिलिमीटर. गंमत म्हणजे हे अंतर युरोपातल्या 1,435 मिलिमीटर रुळांवरून आलंय. आपला ब्रॉडगेज 1,676 मिलिमीटरचा, त्या हिशेबाने ते 19 च्या वर हवं. काकांनी हे सगळं एका वहीत मांडून ठेवलं होतं. प्रत्येक वेळी तेल कधी दिलं, काय बदललं, तारखेनिशी.

ज्यांना असा मोठा संसार बघायचा असेल, त्यांनी पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभं केलेलं लघुरेल्वेचं संग्रहालय जरूर पाहावं. ते 1998 मध्ये सुरू झालं. आमच्या गटाची पुढची सहल तिथंच ठरली आहे, आणि ती सुचवली शेळीवाल्या वहिनींनी.

काकूंचं कर्ज सहा हप्त्यांत फिटलं. दर रविवारी त्या गाडी काढतात. बायका येतात, पोरंही येतात, पण हँडल काकूंच्याच हातात. पुतण्याने भंगाराचा विषय पुन्हा काढला नाही.

तुमच्या माळ्यावर अशी एखादी ट्रंक असेल, गाडीची, हार्मोनियमची, कॅमेऱ्याची, तर विकण्याआधी एकदा उघडून बघा. आणि गटात कुणी स्वतःसाठी काही मागितलं, तर लगेच हसू नका. तिचे हप्ते बघा आणि मग ठरवा.

परवा आम्ही ती वही पाहिली. काकांच्या शेवटच्या नोंदीखाली, काकूंच्या अक्षरात, नवी तारीख होती. पुढे लिहिलं होतं, "रूळ पुसले. तेल दिलं. दोन्ही इंजिनं चालतात."