संडास बांधण्याआधी बाईला विचारा

(जुन्नर-आंबेगावच्या बायांच्या बैठकीतील भाषण)



संडासचा विषय निघाला की अजूनही कुणीतरी तोंडाला पदर लावतं. पण ज्यासाठी आपण पहाटे अंधारात उठतो, दिवसभर पाणी कमी पितो, त्याबद्दल बोलायची लाज कसली? आपल्याकडे तर बिबट्याचीही भीती आहे. कुकडीचं पाणी आलं, ऊस वाढला आणि उसात बिबट्या राहू लागला. खाली बसलेलं माणूस त्याला लहान जनावरासारखं वाटू शकतं.

2014 पासून स्वच्छ भारत अभियानात घरामागे 12,000 रुपये मिळू लागले. संडास झाले. तरी काही संडासांत मी सरपण आणि गोवऱ्या रचलेल्या पाहिल्या. मग म्हणतात, बायांना सवयच नाही. मी म्हणते, आधी बांधणी बघा.

पहिली गोष्ट पाण्याची. पश्चिम आंबेगावात पाऊस धो धो, पण उन्हाळ्यात डिंभे धरणाच्या वरच्या वाड्यांना पाण्यासाठी पायपीट. जास्त उताराचं ग्रामीण भांडं दीड-दोन लिटर पाण्यात साफ होतं. पसरट भांड्याला आठ-दहा लिटर लागतात. पाच माणसांच्या घरात रोज तीन हंड्यांचा फरक पडतो. ते तीन हंडे कुणाच्या डोक्यावर येतात, हे भांडं निवडणाऱ्याला कुणी विचारलं?

दुसरी गोष्ट खड्ड्याची. गवंडी सांगतो, एकच खोल खड्डा घ्या, नाहीतर सेप्टिक टाकी. ती भरल्यावर उपसणार कोण? आपल्या समाजाने हे काम जातीवर लादलं. अप्पासाहेब पटवर्धनांनी 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात हेच सफाईचं काम स्वतःला मिळावं म्हणून उपोषण केलं. पुढे कणकवलीच्या गोपुरीत त्यांनी मैल्याचं खत करणारे संडास बांधले. आजचा दोन खड्ड्यांचा संडास त्याच विचाराचा आहे. साधारण मीटरभर रुंद आणि तेवढेच खोल, जाळीदार बांधणीचे दोन खड्डे. एक भरला की पाणी दुसऱ्यात वळवायचं. बंद खड्ड्यात दोन वर्षांत मातीसारखं, बिनवासाचं खत होतं. विहिरीपासून खड्डे निदान दहा मीटर लांब हवेत. जिथे खडक किंवा पाणी वर आहे, तिथे खड्डे जमिनीच्या वर उचलून बाजूने भराव घालावा लागतो.

तिसरी गोष्ट आपल्या शरीराची. नऊ महिन्यांची गरोदर बाई त्या खोलीत वळू शकते का? गुडघे धरलेल्या सासूबाईंना उठताना धरायला भिंतीत दांडी आहे का? लुगडं अडकवायला खुंटी, पाळीच्या वेळी कपडा ठेवायला फळी, आतून घट्ट कडी, रात्री उजेड? दांडी, खुंटी, फळी, कडी याला फार पैसा लागत नाही. नकाशा काढताना बाई समोर असावी लागते.

म्हणून ग्रामसभेत एवढं मागा: घरातल्या बाईने नकाशा पाहून सही केल्याशिवाय पाया खणायचा नाही. आणि ऊसतोडीला आलेल्या बायांना विसरू नका. त्यांच्या कोप्या आपल्याच शिवारात असतात, पण घरांच्या यादीत त्यांचं नाव नसतं. त्यांच्या संडासचा प्रश्न कारखान्याच्या दारात आपणच न्यायचा आहे.